यानाची नाडी कोण पाहणार?

दिनांक ४ जुलै २०१५. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची उपयोजित भौतिकीची प्रयोगशाळा आहे. तेथे दुपारचे १ वाजून ५४ मिनिटे झाली होती. आपल्याकडे त्या वेळी रात्रीचे ११ वाजून २४ मिनिटे झालेली असणार. 'न्यू होरायझन्स' या अंतराळयानाकडून येत असलेला संदेश एकाएकी थांबला. साडेनऊ वर्षे प्रवास करून हे यान प्लूटोपासून अवघ्या दहा दिवसांच्या वाटेवर येऊन ठेपले होते. प्लूटोजवळून ते एकदाच जाणार होते. तेथे थांबण्याची किंवा मागे वळून पुन्हा पाहण्याची सोय त्याच्याजवळ नव्हती.

यान त्या वेळी आपल्यापासून सुमारे ४९० कोटी किलोमीटर दूर होते. रेडिओ लहरी प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटर या वेगाने जातात. भागाकार विद्यार्थ्यांनीच करून पाहावा. उत्तर साधारण साडेचार तास येते. म्हणजे संदेश थांबल्याचे नियंत्रकांना कळले तेव्हा यानावर जे काही घडायचे ते साडेचार तासांपूर्वीच घडून गेले होते. त्यांनी त्याच क्षणी एखादी आज्ञा पाठवली असती तरी ती यानापर्यंत पोहोचायला आणखी साडेचार तास लागले असते. या नऊ तासांत यानाला मदत करू शकेल असे कोणी असलेच तर ते यान स्वतःच.

८१ मिनिटांनी संदेश पुन्हा मिळाला. तो पाठवत होता यानावरचा राखीव संगणक. मुख्य संगणकाला काहीतरी झाले होते, ते यानाच्या लक्षात आले होते आणि त्याने कोणालाही न विचारता कारभार राखीव संगणकाच्या हाती दिला होता. नेमके काय झाले होते ते पुढे पाहू. त्याआधी मुळातला प्रश्न असा, की आपली प्रकृती बिघडली आहे हे एखाद्या यंत्राला कळते तरी कसे?

ताप मोजणे सोपे

वर्गात एखादे मूल मलूल दिसले की आपण त्याच्या कपाळाला हात लावून पाहतो. यानात हे काम संवेदक करतात. बॅटरीचा विद्युतदाब, इंधनटाकीतील दाब, निरनिराळ्या भागांचे तापमान, यान वळवणाऱ्या चाकांचा वेग अशी शेकडो मोजमापे सतत चालू असतात. प्रत्येक मोजमापाला एक खालची व एक वरची मर्यादा ठरवून दिलेली असते. मोजलेला आकडा मर्यादेबाहेर गेला की संगणक त्याची नोंद करतो आणि 'असे झाले तर असे कर' या यादीतील नियम शोधतो. टाकी थंड पडत असेल तर हीटर लाव, बॅटरी उतरत असेल तर कॅमेरा बंद कर, असे हे नियम असतात. येथवर सातवीच्या मुलालाही समजेल इतके सोपे आहे.

अडचण सुरू होते ती खोट्या गजरापासून. समजा, यानात १००० संवेदक आहेत आणि प्रत्येकाचा आकडा मिनिटाला एकदा तपासला जातो. दिवसाची १४४० मिनिटे धरली तर रोज १४ लाख ४० हजार आकडे तपासले जातील. संवेदक अतिशय चांगले आहेत आणि दहा लाखांत एखादाच आकडा निव्वळ योगायोगाने मर्यादेबाहेरचा निघतो असे मानले, तरी सरासरीने दररोज एकाहून अधिक खोटे गजर होतील. रोज एकदा विनाकारण दचकणारे यान कामाचे नाही.

यावर उपाय असा, की एकाच चुकीच्या आकड्यावर विसंबायचे नाही. तोच संवेदक लागोपाठ तीन वेळा तक्रार करील तेव्हाच ती खरी मानायची. आता हीच आकडेमोड पुन्हा करा. लागोपाठ तीन खोटे आकडे येण्याची शक्यता दहा लाखांचा तीनदा गुणाकार केला असता जी संख्या येते तिच्यात एक, इतकी कमी होते. मग खोटा गजर व्हायला १९० कोटी वर्षे लागतील असे उत्तर मिळते. मात्र हे उत्तर मुलांनी काढले की शिक्षकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: या तीन चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत कशावरून? संवेदकाची तार सैल झाली असेल, किंवा यान वळल्यामुळे त्याच्यावर ऊन पडले असेल, तर पहिला आकडा चुकला त्याच कारणाने दुसरा व तिसराही चुकणार. शिवाय तीन आकड्यांची वाट पाहायची म्हणजे दोन मिनिटे गप्प बसायचे. तेवढ्यात फुटलेल्या नळीतून बरेच इंधन निघून जाऊ शकते.

खोट्या गजराचा धोका आम्ही एका प्रयोगशाळेत जवळून पाहिला आहे. तेथे नमुने ठेवण्यासाठी उणे ८० अंश सेल्सियसचा एक शीतकपाट होता. त्याचे दार उघडले की तापमान जरासे चढे आणि भोंगा वाजू लागे. दिवसातून पाच-सात वेळा असे होई. वैतागून कोणीतरी भोंग्याची तार काढून ठेवली. पुढे दिवाळीच्या सुट्टीत वीज गेली, आणि सुट्टी संपवून आम्ही परतलो तेव्हा दोन वर्षांच्या कामाचे पाणी झाले होते. तार काढणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण ज्याने मर्यादा इतकी जवळ ठेवली त्याचाही त्यात वाटा होता.

हाच प्रकार अंतराळात घडला तो २० डिसेंबर १९९८ रोजी. 'निअर' नावाचे यान एरॉस या लघुग्रहाकडे चालले होते. त्याच्याभोवती फिरण्यासाठी यानाने आपले मुख्य इंजिन चालवून वेग जुळवून घ्यायचा होता. इंजिन पेटताना प्रत्येक यानाला एक बाजूचा हिसका बसतोच. पण या हिसक्याची जी मर्यादा संगणकात भरली होती ती गरजेपेक्षा कमी होती. संगणकाने नियमाप्रमाणे इंजिन बंद केले. त्यानंतरच्या गोंधळात यान बराच वेळ गिरक्या घेत राहिले, स्वतःला सावरण्याच्या खटपटीत त्याने २९ किलोग्रॅम इंधन खर्च केले आणि २७ तास त्याचा पृथ्वीशी संपर्क तुटला. इंजिन धडधाकट होते. २३ डिसेंबरला निअर एरॉसजवळून निघून गेले, आणि सूर्याभोवती आणखी एक वर्षाहून अधिक फिरून १४ फेब्रुवारी २००० रोजी त्याने एरॉसची कक्षा गाठली. एरॉस पुन्हा गाठता येण्याजोगा होता आणि टाकीत इंधन शिल्लक होते, म्हणून हे जमले.

राखणदारावर राखण

संवेदकांचे आकडे संगणक तपासतो. मग संगणकच अडकून बसला तर? त्यासाठी एक साधी युक्ती वापरतात. संगणकाच्या बाहेर, किंवा त्याच्याच कामांपैकी एका स्वतंत्र कामात, एक उलटे मोजणारे घड्याळ ठेवतात. संगणकाने ठरावीक वेळेत आपले काम पूर्ण करून 'मी जागा आहे' असे सांगितले की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. सांगायचे राहिले तर घड्याळ शून्यावर येते आणि संगणक बंद होऊन नव्याने सुरू होतो. याला वॉचडॉग, म्हणजे राखणदार कुत्रा, असे नाव आहे.

४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या 'पाथफाइंडर'चा संगणक काही दिवसांनी मधूनच नव्याने सुरू होऊ लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. त्याचे कारण समजून घ्यायला शाळेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणा. कार्यालयात टेबल एकच आहे आणि वरच्या हुद्द्याचा माणूस आला की खालच्याने उठायचे, असा नियम आहे. लिपिक टेबलाशी बसून कपाटातील नोंदवहीत काही लिहीत आहे. कपाटाची किल्ली त्याच्या खिशात आहे. तेवढ्यात मुख्याध्यापक येतात. त्यांना तीच नोंदवही हवी आहे, तेव्हा लिपिकाच्या दोन ओळी पुऱ्या होईपर्यंत ते थांबतात. एवढ्यात एक शिक्षक उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन येतात. ते लिपिकापेक्षा वरचे, म्हणून लिपिक उठतो. आता शिक्षकांचे काम संपेपर्यंत लिपिकाला टेबल नाही, म्हणून त्याच्या दोन ओळी पुऱ्या होत नाहीत, म्हणून किल्ली सुटत नाही, म्हणून मुख्याध्यापक ताटकळत उभे!

पाथफाइंडरवर लिपिकाच्या जागी हवामानाच्या नोंदी करणारे काम होते आणि मुख्याध्यापकांच्या जागी यानाच्या भागांमध्ये माहितीची देवाणघेवाण करणारे सर्वांत महत्त्वाचे काम. ते वेळेत झाले नाही असे दिसताच राखणदार संगणक नव्याने सुरू करी. पृथ्वीवरील जुळ्या संगणकावर अभियंत्यांनी हा घोटाळा पुन्हा घडवून आणला आणि मंगळावर दुरुस्ती पाठवली. तिचा आशय असा: ज्याच्या खिशात मुख्याध्यापकांना हवी असलेली किल्ली आहे, त्या लिपिकाला तेवढ्यापुरता मुख्याध्यापकांचा हुद्दा द्यावा. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही संगणक असा एक-दोनदा नव्याने सुरू झाला होता, पण पुन्हा तसे घडवून दाखवता न आल्यामुळे तिकडे फारसे लक्ष गेले नव्हते. प्रयोगात 'एकदाच झाले' म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींची आठवण आम्हा संशोधकांना अशा वेळी अस्वस्थ करते.

शांततेचा अर्थ

सर्वांत कठीण लक्षण म्हणजे शांतता. 'व्हॉयेजर-२' हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी निघाले. पृथ्वीकडून येणाऱ्या आज्ञा ऐकण्यासाठी त्याच्यावर दोन रिसीव्हर होते, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य रिसीव्हर बंद पडला तर 'राखीव रिसीव्हर चालू कर' ही आज्ञा यान ऐकणार कशाने? म्हणून येथेही उलटे मोजणारे घड्याळ ठेवले होते. सात दिवसांत पृथ्वीकडून एकही आज्ञा आली नाही, तर यानाने आपला रिसीव्हर बिघडला असे समजून दुसऱ्यावर जायचे.

एप्रिल १९७८ मध्ये नियंत्रक व्हॉयेजर-१ च्या एका अडचणीत गुंतले होते. त्या गडबडीत व्हॉयेजर-२ ला आज्ञा पाठवायचीच राहिली. ५ एप्रिलला घड्याळ शून्यावर आले आणि यानाने, चांगला चाललेला मुख्य रिसीव्हर सोडून, राखीव रिसीव्हर लावला. दुर्दैव असे, की राखीव रिसीव्हरमधील एक कपॅसिटर निकामी झालेला होता.

या कपॅसिटरचे काम काय ते थोडे सविस्तर पाहू. शिट्टी वाजवत येणारी आगगाडी आपल्यासमोरून पुढे गेली की शिट्टीचा स्वर उतरतो. हा डॉप्लर परिणाम. रेडिओ लहरींचेही तसेच होते. पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते, यानही पळत असते. त्यामुळे पृथ्वीवरून एकाच वारंवारतेने पाठवलेला संदेश यानाला सतत बदलत्या वारंवारतेने ऐकू येतो. चांगला रिसीव्हर त्या बदलाच्या मागोमाग स्वतःला जुळवून घेतो. व्हॉयेजरच्या राखीव रिसीव्हरची ती शक्ती गेली होती. वारंवारतेच्या एका अगदी अरुंद पट्ट्यापुरतेच, म्हणजे मूळ पट्ट्याच्या सुमारे हजाराव्या भागापुरतेच, त्याला ऐकू येत होते. नियंत्रकांच्या आज्ञा त्या पट्ट्याबाहेर पडत होत्या.

बारा तासांनी यानाने नियमानुसार पुन्हा मुख्य रिसीव्हर लावला. पृथ्वीवर सुटकेचा निःश्वास टाकला गेला असेल, पण तो अर्ध्या तासापुरताच. अर्ध्या तासाने मुख्य रिसीव्हर कायमचा बंद पडला. त्याचे फ्यूज गेले असावेत असा निष्कर्ष निघाला. आता यानावर चालू होता तो मेलेला रिसीव्हर, आणि अधू का होईना पण जिवंत असलेला रिसीव्हर बंद होता. पृथ्वीवरून करण्यासारखे काहीही उरले नव्हते. सात दिवस वाट पाहायची आणि घड्याळ शून्यावर येऊ द्यायचे, एवढेच हाती होते. १३ एप्रिलला यानाने राखीव रिसीव्हर पुन्हा लावला. तोवर अभियंत्यांनी गणित मांडून ठेवले होते. पृथ्वीचे फिरणे, यानाचा वेग, सारे जमेस धरून पाठवण्याची वारंवारता क्षणोक्षणी अशी बदलत न्यायची, की यानाशी पोहोचताना ती बरोबर त्या अरुंद पट्ट्यात पडेल. यानाने आज्ञा ऐकली.

व्हॉयेजर-२ तेव्हा गुरूपर्यंतही पोहोचले नव्हते. गुरू १९७९ मध्ये, शनी १९८१ मध्ये, युरेनस १९८६ मध्ये आणि नेपच्यून १९८९ मध्ये त्याने पाहिला तो याच एका अधू कानाच्या भरवशावर. रिसीव्हर जरा तापला तरी तो अरुंद पट्टा सरकतो, म्हणून यानावर काही कामे झाली की त्याचे तापमान स्थिरावेपर्यंत आज्ञा पाठवण्याचे थांबवावे लागे. उद्या हाही रिसीव्हर गेला तर यानाने निदान पुढची ठरलेली कामे स्वतः करावीत, म्हणून एक आज्ञावली त्याच्या स्मृतीत आधीच भरून ठेवली जात असे.

ही हकिकत आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा विचारतो: त्या घड्याळाने यानाला संकटात टाकले की वाचवले? दोन्ही उत्तरांच्या बाजूने वाद घालता येतो, आणि घालू द्यावा. आमचे स्वतःचे मत असे, की घड्याळ बनवणाऱ्यांनी शांततेचे एकच कारण गृहीत धरले होते. बोलणारा विसरू शकतो हे त्यांच्या यादीत नव्हते. यानाची 'बुद्धी' म्हणून आपण जिचे कौतुक करतो ती अशी असते. कित्येक वर्षांपूर्वी, खोलीत बसून, काही माणसांनी काय काय बिघडू शकेल याची कल्पना केलेली असते, आणि यान तेवढेच जाणते.

जुलै २०२३ मध्ये याच यानाला चुकीच्या आज्ञा गेल्या आणि त्याचा अँटेना पृथ्वीपासून २ अंशांनी वळला. अंतर होते १९९० कोटी किलोमीटर. या वेळी मात्र विसरभोळ्या माणसांची सोय आधीच केलेली होती: वर्षातून काही वेळा यान आपली दिशा आपणहून पृथ्वीकडे नीट करून घेत असे, आणि पुढची तारीख होती १५ ऑक्टोबर. तितके थांबावे लागले नाही. ऑस्ट्रेलियातील कॅनबेराच्या मोठ्या अँटेनावरून पूर्ण जोर लावून आज्ञा पाठवली गेली. ती पोहोचायला साडेअठरा तास, उत्तर यायला तितकेच. ४ ऑगस्टला उत्तर आले.

निदान करणारे यान

नियमांची यादी कितीही लांब केली तरी न सुचलेले राहणारच. मग यादीऐवजी यानाला स्वतःच्या रचनेचे ज्ञान द्यावे काय?

वर्गात एक टॉर्च घ्या. ती लागत नाही. सेल संपले असतील, दिवा गेला असेल, बटण बिघडले असेल. आपण सेल दुसऱ्या टॉर्चमध्ये घालून पाहतो. ती लागली तर सेल निर्दोष, संशयितांतून एक वगळला. टॉर्चची रचना ठाऊक असल्यामुळे आपल्याला प्रत्येक बिघाडासाठी वेगळा नियम पाठ करावा लागत नाही. मे १९९९ मध्ये 'डीप स्पेस १' या यानावर, पृथ्वीपासून सुमारे ९ कोटी ६० लाख किलोमीटर अंतरावर, नासाने या पद्धतीचा प्रयोग केला. यानाच्या रचनेचे वर्णन संगणकात भरले होते. प्रत्येक भागाची अपेक्षित वागणूक आणि संवेदकांचे प्रत्यक्ष आकडे यांचा मेळ बसेना की कोणता भाग बिघडला असे मानले तर मेळ बसतो, हे तो शोधी. मुद्दाम तीन खोटे आजार लावण्यात आले. एक उपकरण प्रतिसाद देईना, तेव्हा आज्ञावलीने ते पुन्हा सुरू केले. दुसऱ्या वेळी एका संवेदकाने चुकीची माहिती दिली, तेव्हा यंत्र ठीक असून संवेदकच खोटे बोलतो आहे हे तिने ओळखले. तिसऱ्या वेळी यान वळवणारे एक छोटे इंजिन चालेना, तेव्हा त्याच्याशिवाय काम भागेल अशी पद्धत निवडली.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी हा डॉक्टरच आजारी पडला. दोन कामे एकमेकांची वाट पाहत अडकून राहिली. पाथफाइंडरच्या दुखण्याचाच हा नातेवाईक. प्रयोग थांबवावा लागला आणि उरलेला भाग २१ मे रोजी पुरा करण्यात आला. अशा हुशार आज्ञावलीची परीक्षा घेणे साध्या नियमांच्या यादीपेक्षा फार अवघड असते. 'जर-तर'चे प्रत्येक कलम वाचून पाहता येते. तर्क करणारी आज्ञावली कोठे पोहोचेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून मोहिमांचे प्रमुख साध्या नियमांकडे झुकतात, आणि त्यांची भीती आम्हाला रास्त वाटते.

थांबू नये असा क्षण

नेमका आजार कळला नाही तरी चालेल अशी एक सोय जवळजवळ प्रत्येक यानात असते. तिला सेफ मोड म्हणतात. आपण सुरक्षित अवस्था म्हणू. सौरपट्ट्या असतील तर त्या सूर्याकडे वळवायच्या, अँटेना पृथ्वीकडे, अनावश्यक उपकरणे बंद, आणि आज्ञेची वाट पाहत पडून राहायचे. तापलेले मूल अंथरुणावर निजवावे तसे हे आहे. लांबच्या प्रवासात वेळ भरपूर असतो, तेव्हा हाच शहाणपणा.

पण मंगळाजवळ पोहोचलेल्या यानाचा विचार करा. त्याने इंजिन चालवून वेग कमी केला तरच मंगळ त्याला आपल्याभोवती धरून ठेवील. त्या वेळी किरकोळ तक्रारीवरून ते सुरक्षित अवस्थेत गेले तर ते सुरक्षितपणे मंगळाला ओलांडून निघून जाईल! अशा वेळी आजारी असूनही काम पुरे करण्याची तजवीज लागते.

आपल्या मंगळयानात ती कशी होती याचे उदाहरण पृथ्वीजवळच मिळाले. ११ नोव्हेंबर २०१३ रोजी यानाची कक्षा वाढवताना मुख्य इंजिनाच्या इंधन-झडपेची मुख्य व राखीव अशी दोन्ही वेटोळी एकाच वेळी चालवून पाहण्यात आली, आणि इंधनाचा प्रवाहच थांबला. ४४० न्यूटनचे मुख्य इंजिन थंडावले. यानावरील आज्ञावलीने जोर कमी पडल्याचे ओळखले आणि २२ न्यूटनच्या छोट्या इंजिनांवर काम पुढे चालू ठेवले. सेकंदाला १३० मीटर वेग वाढायचा होता तो ३५ मीटर वाढला. कक्षेचे दूरचे टोक १ लाख किलोमीटरऐवजी ७८,२७६ किलोमीटरवर गेले. उरलेली कसर दुसऱ्या दिवशी भरून काढून ते १,१८,६४२ किलोमीटरवर नेण्यात आले. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाची कक्षा गाठताना इंजिन सुमारे २३ मिनिटे चालले. संदेशाला एका बाजूने साडेबारा मिनिटे लागत होती आणि मधल्या काळात यान मंगळाच्या आड गेले होते. बेंगळुरूला बसलेल्यांनी त्या वेळी करण्याजोगे सारे काही कित्येक दिवस आधी यानाच्या स्मृतीत भरून ठेवलेले होते.

आता प्लूटोकडे परत येऊ. न्यू होरायझन्सला प्रकृतीची खबर देण्याची सवय जुनी होती. २००७ ते २०१४ या काळात ते एकूण १८७३ दिवस झोपवून ठेवलेले होते आणि झोपेतही आठवड्यातून एकदा एक साधा सूर पाठवी. 'हिरवा' सूर म्हणजे सर्व ठीक, 'लाल' म्हणजे लक्ष द्या. पृथ्वीवरच्या मोठ्या अँटेनांना अनेक याने सांभाळावी लागतात. एवढ्याशा निरोपावर भागत असेल तर त्यांचा पुष्कळ वेळ वाचतो.

४ जुलैला काय झाले होते? मुख्य संगणक आधी घेतलेली छायाचित्रे आकाराने लहान करून साठवत होता. त्याच वेळी प्लूटो भेटीची आज्ञावली स्मृतीत लिहिण्याचे काम त्याच्यावर येऊन पडले. दोन्ही कामे मिळून भार पेलवेना. यानाने राखीव संगणक लावला, सुरक्षित अवस्था घेतली आणि पृथ्वीला हाक मारली. प्रत्येक कृती नियमाप्रमाणे आणि अगदी योग्य. प्लूटो भेटीचा नऊ दिवसांचा कार्यक्रम ७ जुलैला सुरू व्हायचा होता. एका प्रश्नोत्तराला नऊ तास लागत असताना मुख्य संगणकावर परत जायचे आणि फायली पुन्हा पाठवायच्या, हे सारे तीन दिवसांत करायचे होते. ॲलिस बोमन यांच्या नेतृत्वाखालील नियंत्रकांनी ते केले.

७ जुलैपासून मात्र यानाचे नियमच बदलले. या भेटीपुरती एक वेगळी अवस्था ठरवलेली होती. तिच्यात बिघाड झाला तर यानाने पृथ्वीकडे वळून मदत मागत बसायचे नव्हते. संगणक बंद पडला तर नव्याने सुरू व्हायचे, शक्य ती दुरुस्ती करायची, आणि वेळापत्रकात आता कोणते काम चालू असायला हवे ते पाहून तेथूनच पुढे जायचे. ४ जुलैला जी कृती बरोबर होती तीच १४ जुलैला घात करणारी ठरली असती, आणि हा फरक माणसांनी फार आधी विचार करून यानाला शिकवून ठेवला होता.

१४ जुलै २०१५ रोजी भारतीय वेळेनुसार सायंकाळी ५ वाजून १९ मिनिटांनी न्यू होरायझन्स प्लूटोच्या पृष्ठभागापासून सुमारे १२,५०० किलोमीटरवरून, सेकंदाला १४ किलोमीटर या वेगाने गेले. त्या वेळी ते पृथ्वीशी बोलत नव्हते. अँटेना यानाला घट्ट बसवलेला असल्याने एकतर प्लूटोकडे पाहता येई किंवा पृथ्वीशी बोलता येई. यान जिवंत आहे की वाटेतल्या एखाद्या खड्याच्या धडकेने संपले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तेरा तासांनी, आपल्याकडे १५ जुलैची सकाळी साडेसहाची वेळ होत आली असताना, स्पेनमधील माद्रिदच्या अँटेनाने त्याची हाक पकडली. तीत छायाचित्र नव्हते, फक्त प्रकृतीचा अहवाल होता. नियंत्रण कक्षात एकेका विभागाचा प्रमुख आपापले आकडे वाचून बोमन यांना सांगू लागला: रेडिओ ठीक, स्मृतीत अपेक्षेइतकी माहिती भरलेली, तापमान ठीक. स्वयंचलित देखरेख सांभाळणाऱ्याची पाळी आली तेव्हा त्याने कळवले, की सर्व ठीक आहे आणि एकही नियम वापरावा लागलेला नाही.